‘सर्व्हर डाऊन’ सर

आमच्या आधीच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका माणसाचं नाव ‘सर्व्हर डाऊन’ होतं. खरं नाव हजेरीपटावर असणारच, पण ते कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. प्रिंट निघाली नाही की, ‘अरे, सर्व्हर डाऊनला बोलवा.’ इंटरनेट गेलं की, ‘आज सर्व्हर डाऊन स्वतःच डाऊन आहे वाटतं.’ समोर आम्ही त्यांना ‘सर’ म्हणायचो, पाठ फिरली की ‘तो’. ते ऐकून हसायचे. निदान मला तसं वाटायचं.

ते एजन्सीमार्फत कंत्राटावर आले होते. जिन्याखालची खोली त्यांची. लॅबमधले बावीस, ऑफिसातले चार आणि स्टाफरूममधले दोन, एवढे संगणक आणि त्यांच्या वायरी त्यांच्या ताब्यात. मोठ्या कंपनीत या कामाला सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आमच्याकडे ‘कॉम्प्युटरवाले’ म्हणायचे.

मी शाळेत असताना, नव्वदच्या दशकात, कॉम्प्युटर रूममध्ये चपला काढून जावं लागायचं. बाहेर रांगेने चपला, आत एसी, खिडक्यांना पडदे, यंत्रांवर प्लास्टिकची आवरणं. मशिदीनंतर अदबीने पाऊल ठेवायची ती आमची दुसरी जागा. तिथे बसणाऱ्या माणसाकडे आम्ही मौलवीसाहेबांकडे बघावं तसं बघायचो. मग संगणक प्रत्येक टेबलावर आला, आम्ही सगळ्या शिक्षकांनी एमएससीआयटीची परीक्षा दिली, प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागलं आणि त्या माणसाची अदब संपली. आता आपल्यालाही येतं, मग हा करतो काय दिवसभर?

हा प्रश्न मी नुसता स्टाफरूममध्येच नाही, घरातही विचारलेला आहे. माझा धाकटा भाऊ हेच काम करतो. घरात सगळे त्याला छोटे म्हणतात; वय छत्तीस. आम्ही पिंपळे गुरवला राहतो. सकाळी साडेसहाला तो नाशिक फाट्यावर कंपनीची बस धरतो आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात जातो. तिथे मशीनवर त्याचा हात कधी लागत नाही, पण त्याच्या खोलीतले दोन सर्व्हर बसले तर तयार मालाला लेबल लागत नाही, बिल निघत नाही, ई-वे बिल निघत नाही आणि भरलेला ट्रक गेटच्या आत उभा राहतो. गाड्यांच्या कंपन्या सुट्या भागांचा साठा करून ठेवत नाहीत, ठरल्या तासाला माल लागतो. ट्रक दोन तास अडकला तर तिकडची लाइन थांबायची वेळ येते. हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्याच्या रिश्त्याच्या वेळची गोष्ट. मुलीकडच्या मामूंनी विचारलं, ‘लडका काय करतो?’ अब्बांनी सांगितलं, ‘कंपनीत सिस्टीम अ‍ॅडमिन आहे.’

‘म्हणजे इंजिनिअर?’

‘तसंच. कॉम्प्युटर सांभाळतो.’

‘म्हणजे रिपेअरिंग?’

अब्बा गप्प झाले. चहा झाला, नाश्ता झाला, निरोप कधी आला नाही. पुढे त्याचं लग्न चांगल्या घरी झालं, तो विषय वेगळा. पण ‘रिपेअरिंग’ हा शब्द आमच्या घरात बरेच दिवस राहिला. मीही एकदा चिडवताना तो वापरला. छोटे काही बोलला नाही, उठून गॅलरीत गेला.

आमच्या सोसायटीत मात्र त्याला मोठा मान. गुरुवार असला की दोनतीन लॅपटॉप दारात. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळे घरी, मुलांना घेऊन डायनासोर गार्डनला निघालेले, आणि छोटे कंपनीत. कारण सगळे घरी असतात तेव्हाच सर्व्हर बंद करून दुरुस्ती करता येते. लोक गुरुवारी त्याला शोधत येतात आणि तो नाही म्हटल्यावर म्हणतात, ‘सुट्टीच्या दिवशीसुद्धा याला काय काम असतं बुवा?’

या लोकांवर ठेवले जाणारे आरोप मला पाठ आहेत, कारण त्यातले निम्मे मीच केलेत. जागेवर सापडत नाहीत. काहीही विचारलं की ‘बंद करून चालू करा’ म्हणतात. पेनड्राइव्ह लावू देत नाहीत, सॉफ्टवेअर टाकू देत नाहीत, सगळ्याला नाही म्हणतात. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावून छळतात. आणि सगळ्यांत मोठा, हळू आवाजात केला जाणारा आरोप: हा आपलं सगळं वाचतो.

मी एकेक आरोप छोटेपुढे ठेवला. घरी आम्ही दखनीत बोलतो, इथे मराठीत लिहिते.

‘बंद करून चालू करा’बद्दल तो म्हणाला, ‘आपा, यंत्र तासन्‌तास चालू राहिलं की एखादा प्रोग्रॅम मेमरी धरून बसतो, दुसरा त्याची वाट बघत अडकतो, तिसरा दुसऱ्याची. बंद केलं की सगळ्यांना हातातलं खाली ठेवावं लागतं. पुन्हा चालू झालं की सगळे रांगेत पहिल्यापासून उभे. वर्गात गोंधळ झाला की तुम्ही काय करता?’ मी सगळ्यांना उभं करते आणि पुन्हा खाली बसवते. तो हसला.

पेनड्राइव्हचं त्याला सांगावं लागलं नाही. आमच्या शाळेतल्या प्रत्येकाने तो व्हायरस पाहिला होता, जो पेनड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकायचा. एक पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून यायचा, संध्याकाळपर्यंत सगळी लॅब आजारी.

पासवर्डच्या आरोपात मात्र लोकांचं खरं निघालं. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावायचा, त्यात मोठं अक्षर, आकडा आणि चिन्ह हवंच, हा नियम जगभर पसरला तो बऱ्याच अंशी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २००३च्या मार्गदर्शक सूचनांमुळे. त्या लिहिणारे बिल बर यांनी २०१७ साली, निवृत्तीनंतर, आपल्याला त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी त्या संस्थेने नवे नियम काढले: पासवर्ड फुटल्याची शंका नसेल तर उगाच बदलायला लावू नका. कारण माणूस काय करतो? जुन्याच पासवर्डपुढे १, २, ३ लावत जातो आणि चिठ्ठी मॉनिटरला चिकटवतो. आमच्या ऑफिसच्या मॉनिटरवर अशी चिठ्ठी वर्षानुवर्षं होती.

‘मग तुम्ही लोक अजून का बदलायला लावता?’

‘ऑडिटवाले विचारतात म्हणून,’ छोटे म्हणाला. नियम करणारा माफी मागून मोकळा झाला, ऑडिटचा कागद अजून जुनाच, आणि शिव्या खाणारा मधला माणूस.

अ‍ॅडमिन लोकही साधे नाहीत, हेही सांगायला हवं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या सायमन ट्रॅव्हाग्लिया नावाच्या माणसाने एका खुनशी ऑपरेटरच्या विनोदी गोष्टी लिहायला सुरुवात केली. मदत मागायला आलेल्याची फाईलच उडवणारा, फोन उचलून खोटी कारणं सांगणारा. जगभरच्या अ‍ॅडमिन मंडळींनी त्या गोष्टी डोक्यावर घेतल्या. त्यांच्यात आपल्यासाठीही टोपणनावं आहेत. बिघाड कुठे होता असं साहेबांनी विचारलं तर म्हणायचं, ‘खुर्ची आणि कीबोर्ड यांच्या मध्ये.’ म्हणजे आपण! छोटेच्या फोनवर त्याच्या मित्रांचा एक गट आहे, त्यात हे चालतं. मी एकदा वाचलं आणि मला राग आला. मग आमच्या स्टाफरूमची आठवण झाली आणि राग गिळला.

आता तो शेवटचा, हळू आवाजातला आरोप. मी विचारलं, ‘खरंच सगळं वाचता येतं का तुम्हाला?’

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘येतं. कंपनीचे मेल बघायचे म्हटले तर बघता येतात. कुणाचा पगार किती, कुणाला काढणार आहेत, कोण दुसरीकडे नोकरी शोधतोय. पण वाचत नाही.’

‘का?’

‘आपा, अमानत आहे ती.’

मी उर्दूची शिक्षिका. हा शब्द मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलाय, त्याचं अनेकवचन विचारलंय. पण नोकरीच्या कामासाठी असा सहज वापरलेला मी पहिल्यांदा ऐकला. आपल्या पैगंबरांना नबुव्वत मिळायच्या आधीपासून मक्केचे लोक अल-अमीन म्हणायचे, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. पुढचा भाग मात्र आपण घाईत सांगतो. ते लोक पुढे त्यांच्या विरोधात गेले, त्यांची चेष्टा केली, त्यांना नावं ठेवली, तरी आपल्या मौल्यवान वस्तू त्यांच्याकडेच ठेवत राहिले. हिजरतच्या रात्री त्यांनी हजरत अलींना मागे ठेवलं, ते याचसाठी की ज्याची अमानत त्याला परत पोहोचावी. ज्याला नावं ठेवायची त्याच्याच हवाली किल्ल्या करायच्या, ही माणसाची जुनी रीत दिसते.

किल्ल्या चुकीच्या हातात पडल्याचीही उदाहरणं आहेत. २००८ साली सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नगरपालिकेतल्या टेरी चाइल्ड्स नावाच्या नेटवर्क अ‍ॅडमिनने साहेबांशी वाद झाल्यावर शहराच्या मुख्य नेटवर्कचे पासवर्ड द्यायला नकार दिला. अटक झाली, तरी दिले नाहीत. तुरुंगात भेटायला महापौर गॅव्हिन न्यूसम आले, तेव्हा त्यांच्याच हातात दिले. नेटवर्क त्या दिवसांत बंद पडलं नव्हतं, पण २०१०मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याचं म्हणणं होतं की बाकीचे लोक लायक नाहीत, मी शहराचं रक्षण करत होतो. अमानत आपल्याच मालकीची वाटायला लागली की असं होतं.

दरवाजा नीट राखला गेला नाही तर काय होतं, हे आपल्या पुण्याने पाहिलंय. ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसून चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी खोटी व्यवस्थाच उभी केली. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत २८ देशांमधून बनावट कार्डांवर जवळपास ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातून अडीच कोटी, आणि १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण ९४ कोटींच्या वर. खातेदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही असं बँकेने सांगितलं, तरी त्या आठवड्यात आमच्या नात्यातले दोनतीन जण पासबुक घेऊन रांगेत उभे होते.

त्याच्या आदल्या वर्षी, २७ जून २०१७ला, नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले. आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. चाकणच्या मालाचे कंटेनर ज्या बंदराकडे जातात तेच हे. मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. त्यातली एक गोष्ट छोटे नेहमी सांगतो. सगळ्या कंपनीत कुणाचं खातं कोणतं, कुणाला कुठे प्रवेश, याची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर एकमेकांच्या नकला होते, आणि सगळे एकदमच गेले. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घानामध्ये, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो बंद होता. त्याची डिस्क माणसांनी हातोहात विमानाने इंग्लंडला नेली आणि त्यावरून सगळं पुन्हा उभं राहिलं. ‘लाइट गेल्याबद्दल दुआ करणारे तेवढेच लोक,’ असं म्हणून तो दर वेळी हसतो.

आता माझी गोष्ट. ही सांगायची म्हणूनच लिहायला बसले, आणि एवढी पानं टाळत आले.

२०१६चा फेब्रुवारी. दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण मी स्टाफरूमच्या संगणकावर तयार केले होते. त्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर माझं एक फोल्डर होतं: अकरा वर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका, इनपेजमध्ये टाइप केलेल्या. ज्यांनी उर्दू टायपिंग केलंय त्यांना माहीत आहे. जुन्या इनपेजची फाईल दुसऱ्या कशात उघडत नाही, नस्तालिक बसवताना डोळे जातात, एकेक पान म्हणजे एकेक संध्याकाळ. सोमवारी सकाळी आले तर संगणक कोरा. डेस्कटॉपवर काही नाही.

व्हायरस पसरला होता म्हणून ‘सर्व्हर डाऊन’ सरांनी शनिवारी शाळा सुटल्यावर सगळे संगणक फॉरमॅट केले होते. मी जिन्याखालच्या खोलीत गेले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला होता, असं नंतर मुलींनी सांगितलं. ते म्हणत होते, ‘मॅडम, बघतो, थोडा वेळ द्या.’ मी म्हणाले, ‘तुमचं बघतो मला चांगलं माहीत आहे.’ हे वाक्य मला अजून पाठ आहे.

त्याच दुपारी सगळ्यांचं ठरलं की मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यायची. प्रत्येकाची काहीतरी जुनी तक्रार होतीच. अर्ज कोण लिहिणार? भाषेची शिक्षिका मी. मी लिहिला. ‘कामात सातत्याने हलगर्जी’, ‘उद्धट वर्तन’, ‘विद्यार्थ्यांचे नुकसान’. मुद्देसूद, क्रमांक घालून. पहिली सही माझी, खाली तेरा.

घरी येऊन छोटेला सांगितलं. मला वाटलं, आपल्या बिरादरीतल्या माणसाची बाजू घेईल आणि मी त्यालाही ऐकवीन. त्याने एवढंच विचारलं, ‘आपा, फाईल कुठे ठेवली होती?’

‘डेस्कटॉपवर.’

‘आणि दुसरी कॉपी?’

मी म्हणाले, ‘ते त्यांचं काम आहे.’

‘त्यांनी सांगितलं नव्हतं का कुठे ठेवायचं?’

सांगितलं होतं. स्टाफरूमच्या फळ्याशेजारी नोटीस लागली होती, मराठीत आणि उर्दूत. उर्दू त्यांना येत नव्हतं, कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार. ‘डेस्कटॉपवर काहीही ठेवू नये, सर्व्हरवरच्या आपापल्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावे, शनिवारी संगणक फॉरमॅट होणार आहेत.’ मी ती वाचली होती. उर्दूतली एक चूक लाल पेनाने दुरुस्तही केली होती. मजकूर डोक्यात शिरला नाही, शुद्धलेखन शिरलं.

गुरुवारी माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये माझ्या प्रश्नपत्रिका दिसल्या. ते महिन्यातून एकदा सगळ्या संगणकांची नक्कल घेऊन ठेवायचे. जानेवारीतली नक्कल त्यांच्याकडे होती. अकरा वर्षांचं सगळं परत आलं. फेब्रुवारीतले गुण तेवढे गेले, ते मी उत्तरपत्रिकांवरून तीन दिवसांत पुन्हा भरले. फळ्यावर त्यांनी चिठ्ठी लावली होती: ‘मॅडम, फाईल्स मिळाल्या आहेत, तपासून घ्याव्यात.’

तक्रार बुधवारी पुढे गेली होती. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन सांगू शकले असते की माझ्या फाईल परत आल्या, माझी सही मागे घेते. गेले नाही. तेरा जणांच्या आग्रहावर लिहिलेला अर्ज मी एकटीने कसा मागे घ्यायचा, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण साधं होतं: सोमवारी एवढं ओरडल्यावर गुरुवारी चूक कबूल करायला तोंड नव्हतं.

एप्रिलमध्ये त्यांचं कंत्राट संपलं आणि पुढे वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी ऑफिसात एक दोनशे पानी वही दिली. आमच्या क्लार्कने ती मला दाखवली. सगळे पासवर्ड, प्रत्येक संगणकाची वॉरंटी कधी संपते, कुठली वायर कुठल्या खोलीत जाते त्याची आकृती, कोणत्या प्रिंटरला कोणतं कार्ट्रिज, नक्कल कोणत्या तारखेला घ्यायची. एका पानावर: ‘उर्दूच्या मॅडमचा संगणक: कीबोर्डचे फाँट असे टाकावेत’, आणि पुढे सहा पायऱ्या. काढून टाकलेला माणूस दुसऱ्याच्या हवाली सगळं नीट करून गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. हिजरतच्या रात्रीची माहीत होती.

सूरह हुजुरातमध्ये लागोपाठच्या दोन आयतींत कितीतरी गोष्टींपासून रोखलंय: एकमेकांची चेष्टा, वाईट टोपणनावं, बदगुमानी, दुसऱ्याच्या खासगीत डोकावणं, पाठीमागची निंदा. मी ही यादी मुलांना शिकवते. त्यातली डोकावण्याची मनाई अ‍ॅडमिनच्या वाट्याची. छोटे ती पाळतो असं मला वाटतं, आणि त्या सरांनी पाळली नाही असं म्हणायला माझ्याकडे काहीच नाही. उरलेल्या चारही आमच्या वाट्याच्या होत्या. त्या स्टाफरूममध्ये आम्ही एकही शिल्लक ठेवली नाही.

तरी आठ वर्षं मी काही केलं नाही.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आदल्या दिवशीची सुट्टी संपवून कारखाने सुरू होत होते. सकाळी पावणेदहाच्या सुमारास सुरक्षेच्या एका सॉफ्टवेअरचा सदोष अपडेट जगभर गेला आणि संगणक निळ्या पडद्यावर अडकू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. चूक तासा-सव्वातासात मागे घेतली गेली, पण अडकलेल्या यंत्राला दुरून हात लावता येत नव्हता. प्रत्येक संगणकापाशी जायचं, तो सेफ मोडमध्ये चालू करायचा, एक फाईल काढायची, पुन्हा चालू करायचा. बऱ्याच ठिकाणी त्याआधी एक लांबलचक आकडी किल्लीही टाकावी लागत होती. छोटेच्या कंपनीत असे तीनशेच्या वर संगणक. त्याची जुम्याची नमाज चुकली. पहाटे चारला घरी आला. मी दार उघडलं. चपला काढताना तो भिंतीला टेकला आणि म्हणाला, ‘आपा, आज अकाउंट्सच्या बाई मला म्हणाल्या, तुम्ही लोक करता काय दिवसभर?’

चूक त्याची नव्हती. अपडेट त्याने लिहिला नव्हता, पाठवला नव्हता. तो फक्त समोर उभा होता, म्हणून त्याला बोलणं खावं लागलं. मी त्याला भाकरी गरम करून दिली. तो जेवताजेवता झोपला. माझ्या डोळ्यांपुढे जिन्याखालची खोली होती.

जुलैचा शेवटचा शुक्रवार हा सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांचा दिवस म्हणून मानतात. शिकागोच्या टेड केकाटोस नावाच्या एका अ‍ॅडमिनने २०००मध्ये तो सुरू केला. त्या वर्षी तो बरोबर आठवड्याने, २६ तारखेला आला. छोटेच्या कंपनीत केक कापला म्हणे. मी त्या दिवशी जुन्या शाळेच्या क्लार्ककडून नंबर मागवला.

आपल्याकडे हुकूकुल-इबाद म्हणून एक गोष्ट आहे: माणसाचं माणसाकडे राहिलेलं देणं. नमाज-रोजात कसूर झाली तर अल्लाहकडे माफी मागता येते, पण ज्या माणसाचं वाईट केलं त्याच्याकडे आधी जावंच लागतं. हे मी मुलांना शिकवते, परीक्षेत विचारते.

त्यांनी फोन उचलला. मी नाव सांगितलं. त्यांनी लगेच ओळखलं, ‘हां, उर्दूच्या मॅडम.’ आता ते दुसऱ्या जिल्ह्यात एका हॉस्पिटलमध्ये हेच काम करतात. मी बोलायला सुरुवात केली: तो अर्ज, त्यावरची पहिली सही.

‘माहीत आहे मॅडम,’ ते म्हणाले. ‘मला दाखवला होता तो. अक्षर तुमचंच होतं. छान लिहिला होता. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.’

ते टोमण्याच्या सुरात बोलत नव्हते, म्हणून जास्त लागलं. मी माफी मागितली, नीट, काहीही कारण न देता. ते म्हणाले, जुनी गोष्ट झाली, माझ्याकडून विषय संपला. कंत्राट संपल्यावर सहा महिने काम नव्हतं, तेवढं अवघड गेलं, मग हे मिळालं. सहा महिने. मी फोन धरून उभी राहिले.

मग त्यांनी विचारलं, ‘त्या प्रश्नपत्रिका आहेत ना अजून?’

‘आहेत.’

‘किती ठिकाणी?’

‘दोन,’ मी म्हणाले.

‘तीन करा मॅडम. एक घराबाहेर ठेवा.’ मागून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं, प्रिंटर चालत नाही म्हणून. ते येतो म्हणाले, आणि मला म्हणाले, ‘ठेवतो, मॅडम. इथे जरा लोक थांबलेत.’

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी सगळा वेळ त्यांना ‘सर’ म्हणत होते. क्लार्कने नंबरासोबत त्यांचं नाव पाठवलं होतं. ते मी फोनमध्ये पूर्ण नावाने साठवलं, आडनावासकट.